दुधाच्या बाटलींतील नाणीं

मे महिन्याचा दुसरा रविवार अमेरिकेंत मातृदिन म्हणून पाळितात. त्या दिवशीं तेथील पुष्कळ ख्रिस्ती मंदिरांत प्रार्थना आटोपून लोक बाहेर पडूं लागले, कीं दाराशीं एका मेजावर तान्ह्या मुलांच्या दुधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनें मांडून ठेविलेल्या असतात. ज्याला वाटेल त्यानें एक उचलावी, घरीं न्यावी, स्वयंपाकघरांतील फळीवर ठेवावी आणि बाजारहाट करून उरलेली चिल्लर तींत टाकीत जावी. जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारीं पितृदिन येतो. त्या सुमारास भरलेली बाटली परत आणून द्यावयाची. एका बाटलींत अशी किती रक्कम मावणार! पण हीं सुटीं नाणीं मोजून, जवळच्याच एखाद्या केंद्राला दिलीं जातात. नको असतां दिवस गेलेल्या स्त्रियांना तेथें फुकट तपासणी करून मिळते, बाळंतविडा, पाळणा, दुपटीं मिळतात, आणि गर्भ पाडूं नये असा उपदेशही मिळतो.

श्रोतेहो, ही रीत तेथील 'प्रो-लाइफ' चळवळीची आहे. गर्भ राहिल्या क्षणापासून त्यास मनुष्याचा जीव समजावें आणि कायद्यानें त्याचें रक्षण करावें, असा या पक्षाचा आग्रह. उलट पक्ष स्वतःस 'प्रो-चॉइस' म्हणवितो. मूल व्हावें कीं न व्हावें हा निर्णय त्या स्त्रीचाच, त्यांत सरकारनें हात घालूं नये, आणि गर्भपात बेकायदा असतांना चोरून केलेल्या उपायांनीं ज्या स्त्रिया प्राणांस मुकल्या त्यांना विसरूं नये, असें त्याचें म्हणणें. या दोहोंतला न्याय करावयास मी येथें बसलों नाहीं. तेवढी माझी योग्यताही नाहीं. मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला, आणि शिकवितांना एक प्रश्न मला नेहमीं पडत असे. पुस्तकांत ज्याला आपण 'जनतेची चळवळ' म्हणतों, ती जनता म्हणजे नेमकीं कोण माणसें? त्यांच्या टपालाचे, छपाईचे, गाडीभाड्याचे पैसे कोण देतो? आणि जो पैसे देतो त्याचें मत तेंच सर्वांचें मत असें धरावयाचें काय? या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यास अमेरिकेंतील ही गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांची हकीकत फार उपयोगी आहे.

आपल्या देशांत गर्भपाताचा कायदा १९७१ सालीं संसदेनें संमत केला. अमेरिकेंत हा विषय एकेका राज्याच्या अखत्यारींतला होता. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेंत १९७० च्या एप्रिल महिन्यांत, चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणारा कायदा मतास आला, तेव्हां केवळ एका मताची उणीव पडून तो फसणार असें दिसूं लागलें. तोंच जॉर्ज मायकेल्स नांवाचे सभासद उठले. आपला मतदारसंघ याच्या विरुद्ध आहे, या मतानें आपलें राजकीय आयुष्य संपेल, हें ठाऊक असूनही आपण मत बदलीत आहों, असें त्यांनीं भर सभागृहांत सांगितलें. कायदा संमत झाला. मायकेल्स यांचें भाकीतही खरें ठरलें. पुढच्या निवडणुकीस त्यांच्या पक्षानें त्यांना उमेदवारी दिली नाहीं. त्यांच्या मताशीं कोणी सहमत असो वा नसो, असा मनुष्य विरळा, हें कबूल केलें पाहिजे.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नांवाचें एक लांबट बेट समुद्रांत गेलेलें आहे. त्यावरील मेरिक गांवांत कांहीं गृहिणी पुस्तकें वाचून त्यांवर चर्चा करण्यासाठीं एकमेकींच्या घरीं जमत असत. नवा कायदा झाल्यावर या बैठकींत पुस्तकें मागें पडलीं व कायद्याचीच चर्चा होऊं लागली. या बायकांस राजकारणाचा अनुभव मुळींच नव्हता. त्यांपैकीं एलन मॅकॉर्मॅक या एका पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी, चार मुलांच्या आई. दोन्ही मोठे पक्ष दाद देत नाहींत असें पाहून या मंडळींनीं सरळ आपलाच 'राइट टु लाइफ' नांवाचा पक्ष काढला. राज्यभर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या रेट्यामुळें १९७२ सालीं त्याच विधिमंडळानें तो कायदा रद्द करण्याचा ठराव केला! गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनीं आपला नकाराधिकार वापरला म्हणून कायदा वांचला.

पुढच्याच वर्षीं, १९७३ च्या जानेवारीच्या २२ तारखेस, वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन अशा बहुमतानें 'रो विरुद्ध वेड' या खटल्याचा निकाल दिला आणि गर्भपाताचा हक्क सर्व राज्यांना बंधनकारक केला. आतां एकेका विधिमंडळाचें दार ठोठावून भागण्यासारखें राहिलें नाहीं. घटनाच दुरुस्त करावी, किंवा न्यायाधीश बदलतील तोंवर थांबावें, एवढे दोनच मार्ग उरले, आणि दोन्ही दीर्घकाळाचे व खर्चाचे होते.

येथें पैशाचा प्रश्न आला. १९६८ सालीं रोमन कॅथलिक बिशपांच्या आश्रयाखालीं 'नॅशनल राइट टु लाइफ कमिटी' स्थापन झाली होती. तिचा खर्च चर्चच चालवी. परंतु मिनेसोटा राज्यांतील मंडळींनीं, विशेषतः मार्जरी मेक्लेनबर्ग या मेथडिस्ट पंथाच्या बाईंनीं, असा आग्रह धरिला कीं ही एका पंथाची शाखा म्हणून राहिली तर तिला देशांत कोणी विचारणार नाहीं. त्यांचें म्हणणें रास्त होतें. बॅप्टिस्ट पंथाच्या मोठ्या संघानें तर १९७१ सालीं कांहीं परिस्थितींत गर्भपातास मुभा असावी असा ठराव केला होता. ती मंडळी पुढें दहा वर्षांनीं वळलीं. १९७३ सालीं समिती बिशपांपासून अलग झाली. पुढें १९७५ पासून तीन वर्षें तिचें अध्यक्षपद डॉ. मिल्ड्रेड जेफरसन यांनीं भूषविलें. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाची पदवी १९५१ सालीं मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री, आणि टेक्सासमधील एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या कन्या.

स्वातंत्र्य मिळालें खरें, पण त्याबरोबर झोळीही हातीं आली. गांवोगांवच्या शाखांना स्वतःचा खर्च स्वतः उभा करणें प्राप्त झालें. बायका घरीं केक भाजून रविवारीं विकावयास ठेवूं लागल्या. जुन्या कपड्यांची व भांड्यांची विक्री, सोडती, वर्गणीचीं भोजनें सुरू झालीं. मुलें व तरुण शेजाऱ्यांपाशीं जात आणि आपण जितके मैल चालूं तितक्या मैलांमागें इतके सेंट द्या, असें कबूल करून घेत. दहा आठवड्यांच्या गर्भाच्या पावलांएवढीं इवलालीं धातूचीं पावलें करून कोटास लावण्याच्या टांचण्या विकल्या गेल्या. यांतून मिळणारी रक्कम फार नसे. पण केक विकत घेणाऱ्यास दोन शब्द ऐकून घ्यावेच लागत, आणि टांचणी लावणाऱ्यास ती कशाची हें दहा जण विचारीत.

वॉशिंग्टनमध्यें सरकारी नोकरींत असलेल्या नेली ग्रे या वकील बाईंच्या घरीं १९७३ च्या शरद ऋतूंत तीसेक माणसें जमलीं आणि निकालाच्या पहिल्या वर्षदिनीं राजधानींत मोर्चा काढावा असें ठरलें. २२ जानेवारी १९७४ रोजीं ऐन थंडींत हजारों लोक आले. एकदांच काढावयाचा तो मोर्चा मग दरवर्षीं निघूं लागला. बाई २०१२ सालीं वारल्या. मोर्चा अजून निघतो. त्यास येणारीं माणसें बहुधा शाळांच्या व चर्चच्या भाड्याच्या बसगाड्यांतून, रात्रभर प्रवास करून येतात, आणि त्या गाड्यांचें भाडें पुन्हां तसेंच केक विकून जमवितात.

पण पैसे जमविण्याच्या दृष्टीनें सर्वांत नवलाची गोष्ट केली ती मेरिकच्या बायकांनींच. १९७४ सालीं निवडणूक-खर्चाचा नवा कायदा झाला होता. अध्यक्षपदाच्या उमेदवारानें थोड्या बड्या लोकांच्या खिशावर अवलंबून राहूं नये म्हणून त्यांत अशी योजना होती: निदान वीस राज्यांत, प्रत्येक राज्यांतून निदान पांच हजार डॉलर, आणि तेही दर माणशीं अडीचशें डॉलरांपर्यंतच्या देणग्यांतून, जो उमेदवार जमवील, त्याला सरकार आपल्या तिजोरींतून तितकीच भर घालील. दुसरा एक जुना नियम असा, कीं आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांच्या केंद्रांनीं उमेदवाराच्या निवेदनांत कसलीही काटछाट करावयाची नाहीं. मेरिकच्या गृहिणींनीं हे दोन नियम शेजारीं शेजारीं ठेवून वाचले. अध्यक्षपद मिळणार नाहीं हें त्यांना कळत होतें. पण उमेदवारी मिळाली तर आपलें म्हणणें लोकांच्या बैठकीच्या खोलींत, कोणीही कात्री न लावतां, पोंचवितां येईल! १९७६ सालीं एलन मॅकॉर्मॅक डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठीं उभ्या राहिल्या.

वीस राज्यांत पांच हजार म्हणजे सारे मिळून एक लाख डॉलर. रक्कम फार मोठी नव्हे, पण ती पसरलेली हवी. ही अट पुरी करणें एखाद्या धनाढ्यास शक्य नव्हतें. ओळखीची साखळी असलेल्या बायकांना मात्र शक्य होतें. एका राज्यांतील शाखेनें दुसऱ्या राज्यांतील शाखेस पत्र लिहावें, तिनें आपल्या मैत्रिणींना दूरध्वनि करावा, त्यांनीं पांच, दहा, वीस डॉलर धाडावे, असें करीत अट पुरी झाली. गर्भपाताच्या हक्काच्या पुरस्कर्त्यांनीं आक्षेप घेतला कीं ही उमेदवारी नसून प्रचार आहे. आक्षेप अगदींच खोटा होता असें मला म्हणवत नाहीं. परंतु कायद्याचा शब्द बाईंच्या बाजूनें होता, आणि सरकारी पैसा मिळाला. अशा मदतीस व अंगरक्षकांच्या संरक्षणास पात्र ठरलेल्या त्या अमेरिकेंतील पहिल्याच स्त्री-उमेदवार. अठरा राज्यांच्या प्राथमिक निवडणुकांत मिळून त्यांना २,३८,०२७ मतें पडलीं आणि पक्षाच्या अधिवेशनांत २२ प्रतिनिधींनीं त्यांच्या नांवास मत दिलें. जिमी कार्टर निवडून आले हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षीं कायदेमंडळानें नियमांत दुरुस्ती केली, कीं लागोपाठ दोन प्राथमिक निवडणुकांत दहा टक्क्यांहून कमी मतें पडलेल्या उमेदवाराची सरकारी मदत बंद व्हावी.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. मी एका खेड्यांत शिक्षक असतांना शाळेचें छप्पर उडालें. गांवांतील एका सधन गृहस्थांनीं भर सभेंत मोठा आंकडा जाहीर केला, टाळ्या झाल्या, हार घातला गेला. तो आंकडा आम्हीं पुढें दोन वर्षें कागदावरच पाहिला. मग मुलांनीं घरोघर फिरून ओंजळ ओंजळ ज्वारी व चार चार आणे गोळा केले. जमा झाली रक्कम पत्र्यांनासुद्धां पुरेशी नव्हती. पण ज्या घरानें ओंजळ दिली त्या घरचा बाप्या शनिवारीं मजुरीस आला, बाईनें शेण-माती लिंपली, आणि पावसाळ्याआधीं शाळा उभी राहिली. तेव्हांपासून वर्गणीच्या यादींत मी शेवटची बेरीज नंतर पाहतों. आधीं नांवें मोजतों.

मेरिकच्या पक्षालाही नांवांचें फळ मिळालें. १९७८ सालीं न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठीं त्यांच्यापैकींच मेरी जेन टोबिन उभ्या राहिल्या आणि त्यांना एक लाख तीस हजारांवर मतें पडलीं. पन्नास हजार मतें मिळविणाऱ्या पक्षास मतपत्रिकेवर चार वर्षें हक्काची जागा मिळे. ती यांना मिळाली, इतकेंच नव्हे तर जुन्या लिबरल पक्षाच्या वरची मिळाली. २००२ सालीं पन्नास हजारांचा तो टप्पा गांठतां आला नाहीं आणि ती जागा गेली.

दरम्यान पैसे मागण्याची तऱ्हा बदलली होती. रिचर्ड व्हिगेरी नांवाच्या गृहस्थांनीं १९६४ च्या निवडणुकीनंतर सरकारी दप्तरांतून बॅरी गोल्डवॉटर यांच्या देणगीदारांचीं नांवें व पत्ते हातानें उतरवून घेण्यास बायका लाविल्या. सुमारें साडेबारा हजार नांवांची ती यादी पुढें संगणकावर चढून लाखोंची झाली. १९७५ नंतर परंपरावादी संस्थांसाठीं याद्यांवरून लक्षावधि पत्रें जाऊं लागलीं, आणि गर्भपात हा त्या पत्रांतील एक हुकमी विषय झाला. पत्राची भाषा तिखट असल्याखेरीज पाकिटांत धनादेश येत नाहीं, हें अनुभवानें ठरलेलें. आलेल्या पैशाचा मोठा हिस्सा पुन्हां टपालांतच जाई. केक विकणारी बाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून बोलते व जीभ आवरते; छापील पत्रास समोरचें तोंड दिसत नाहीं. चळवळीचा स्वर जो कडवट झाला त्याचें सारें खापर मी या पत्रांवर फोडीत नाहीं, पण कांहीं वांटा त्यांचा आहे.

केंद्रांचें काम मात्र बाटलींतील नाण्यांवर वाढत गेलें. लुईस समरहिल यांनीं १९६८ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें 'बर्थराइट' नांवाचें असें केंद्र काढलें होतें. त्याच नमुन्यावर अमेरिकेंत शेंकडों निघालीं. फ्लॉरिडा राज्यानें तर मोटारीच्या नंबरपट्टींतूनही वर्गणी गोळा केली. 'चूज लाइफ' म्हणजे 'जीवन निवडा' असें लिहिलेली पट्टी वर्षाला वीस डॉलर जादा भरून घ्यावयाची. १९९८ सालीं एका गव्हर्नरांनीं ही योजना फेटाळली, १९९९ सालीं दुसऱ्यांनीं मंजूर केली, आणि २००० सालीं पट्ट्या विक्रीस आल्या. 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक पुरुषांच्या संघानें २००९ पासून असें ठरविलें, कीं स्थानिक शाखेनें निम्मी किंमत जमवावी, निम्मी मध्यवर्ती संस्था देईल, आणि केंद्राला गर्भाचें चित्र दाखविणारें सोनोग्राफीचें यंत्र घेऊन द्यावें. २०१९ पर्यंत अशीं हजार यंत्रें दिलीं गेलीं. या केंद्रांवर एक गंभीर आरोप आहे, तो झांकून ठेवणें बरें नव्हे. कित्येक केंद्रें आपण दवाखाना आहों असा भास निर्माण करितात व भांबावलेल्या मुलीस अर्धवट माहिती देतात, असें विरोधकांचें म्हणणें. कॅलिफोर्निया राज्यानें २०१५ सालीं त्यांवर सूचनाफलक लावण्याची सक्ती केली. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती सक्ती अडविली. न्यायालयाचें काय असेल तें असो. ज्या बाईनें आपल्या मुलांच्या हातून बाटलींत नाणीं टाकविलीं तिला आपल्या पैशानें कोणास फसविलें जावें असें वाटत नसेल, एवढें मी म्हणेन.

आतां कॅन्ससकडे वळूं. हें देशाच्या मध्यावरचें गव्हाचें राज्य; त्यांतील मोठें शहर विचिटा. तेथें डॉ. जॉर्ज टिलर यांचा, गर्भ बराच वाढल्यावरही गर्भपात करणारा दवाखाना होता. १९९१ च्या जुलईंत 'ऑपरेशन रेस्क्यू' या संघटनेच्या लोकांनीं शहरांतील अशा दवाखान्यांच्या दारांत बसकण मारली. दीड महिना हा सत्याग्रह म्हणा, अडवणूक म्हणा, चालला. अडीच हजारांवर अटका झाल्या, आणि ऑगस्टच्या अखेरीस विद्यापीठाच्या क्रीडांगणावर सुमारें पंचवीस हजारांची सभा भरली. बाहेरचे पुढारी निघून गेले, पण स्थानिक माणसांच्या हातीं नांवांच्या वह्या राहिल्या होत्या. दुसऱ्या वर्षीं, १९९२ च्या ऑगस्टमध्यें, रिपब्लिकन पक्षाच्या अगदीं तळच्या, वॉर्डावॉर्डांतील समित्यांच्या निवडणुका झाल्या. त्या जागांकडे एरवीं कोणी ढुंकूनही पाहत नसे. ही मंडळी त्यांसाठीं उभीं राहिलीं व विचिटाच्या काउंटींत पक्ष त्यांच्या ताब्यांत आला. संघटनेचा धडा म्हणून हा प्रकार कोणत्याही पक्षानें अभ्यासावा असा आहे.

याच मातींत दुसरेंही उगवलें. १९९३ सालीं डॉ. टिलर यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. २००९ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस, रविवारीं, ते आपल्या चर्चमध्यें आलेल्यांचें स्वागत करीत असतां त्यांना ठार मारण्यांत आलें. राइट टु लाइफ कमिटीनें खुनाचा निषेध केला. खून एका मनुष्यानें केला, चळवळीनें नव्हे, हें खरें; पण जीवरक्षणाच्या नांवानें प्रार्थनामंदिरांत मनुष्य मारला जावा यावर अधिक काय बोलावें!

२४ जून २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १९७३ चा निकाल फिरविला आणि प्रश्न पुन्हां राज्यांकडे गेला. पन्नास वर्षांचें काम तडीस गेलें असें त्या पक्षास वाटलें. कॅन्ससमध्यें तत्पूर्वींच ठरलेलें मतदान सहा आठवड्यांनीं, २ ऑगस्ट रोजीं झालें. राज्याच्या घटनेंत गर्भपाताचा हक्क आहे असें तेथील न्यायालयानें २०१९ सालीं म्हटलें होतें. तो नाहीं अशी घटनादुरुस्ती करावी काय, एवढाच सवाल. राज्याच्या ईशान्येकडील कॅथलिक धर्मप्रांतानें एकट्यानें वीस लाख डॉलरांहून अधिक दिले. विरुद्ध बाजूसही राज्याबाहेरील संस्थांनीं लाखों डॉलर धाडले. कोणीही केक विकून हें युद्ध लढत नव्हतें. नऊ लाखांहून अधिक लोकांनीं मतदान केलें आणि शेंकडा एकूणसाठांनीं दुरुस्ती नाकारली. विचिटा ज्या काउंटींत आहे, जेथें १९९२ सालीं वॉर्डाच्या समित्या जिंकल्या गेल्या होत्या, तेथेंही बहुमत 'नाहीं' असेंच पडलें. बाटली घरीं नेणाऱ्यांचीं नांवें चळवळीच्या वहींत तीस वर्षें होतीं. मेजावरून बाटली न उचलतां, कांहीं न बोलतां पुढें गेलेल्यांचीं नांवें कोणत्याही वहींत नव्हतीं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्यें दहा राज्यांतील मतदारांना अशाच प्रकारचे सवाल घातले गेले. नेब्रास्का व साउथ डकोटा येथें हक्काच्या बाजूची हार झाली. फ्लॉरिडांत शेंकडा सत्तावन्न मतें पडूनही साठांची अट पुरी झाली नाहीं. उरलेल्या सात राज्यांत हक्काचा पक्ष जिंकला. त्या सातांत, मेरिक गांव ज्या राज्यांत आहे, तें न्यूयॉर्कही होतें.